होलोवे रोडवरचा ध्वनिवेडा

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी गाण्यातला माणूस नव्हे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि घरात गाणे होते ते फक्त आजीच्या ओव्यांचे आणि अण्णांच्या कर्ण्यांचे. अण्णांचा स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आहे. लग्न, बारसे, सप्ताह, जत्रा, जिथे चार माणसे जमतील तिथे आमचा टेम्पो. तेव्हा ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे, त्याच्याकडे मी संगीताच्या दारातून गेलो नाही. वायरींच्या गुंत्यातून गेलो. आमच्या माळ्यावर अण्णांचे दोन जुने कॅसेटचे डेक पडून आहेत. गेल्या मे महिन्यात ते दुरुस्त करण्याच्या खटपटीत असताना, टेपची सूं कशी कमी करावी हे शोधता शोधता, जो मीक हे नाव प्रथम माझ्या डोळ्यांपुढे आले. मग परीक्षा बाजूला राहिली आणि मीकच मागे लागला.

जो मीकचे खरे नाव रॉबर्ट जॉर्ज मीक. जन्म ५ एप्रिल १९२९, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या न्यूएंट या लहानशा बाजारगावी. लहानपणापासून त्याला एकच नाद होता, तारा जोडण्याचा. घरामागच्या शेडमध्ये त्याने जुन्या रेडिओंचे सुटे भाग जमवले होते. इतर मुले चेंडूमागे धावत, तेव्हा हा त्या शेडमध्ये बसून असे. सक्तीची लष्करी सेवा त्याने हवाई दलात, रडार यंत्रांवर केली. सुटल्यावर वीजमंडळात नोकरी धरली आणि तिथल्या साहित्याच्या आधाराने तबकडी कोरण्याचे एक यंत्र स्वतः बनवले. साहेबाला ते ठाऊक होते की नव्हते, देव जाणे! आमच्याकडेही असे वायरमन असतात.

१९५० नंतरच्या त्या वर्षांत तो लंडनला आला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका कंपनीत लागला. त्या काळी इंग्लंडमध्ये रेकॉर्डचा धंदा ईएमआय, डेक्का, पाय आणि फिलिप्स अशा मोजक्या बड्या कंपन्यांच्या मुठीत होता. स्टुडिओ त्यांचे, यंत्रे त्यांची, गायक त्यांचे, दुकानात माल पोचवणारी माणसेही त्यांचीच. ईएमआयच्या स्टुडिओत तंत्रज्ञ पांढरे कोट घालून काम करीत, जणू इस्पितळच. मीटरचा काटा कुठवर जावा, माईक वाद्यापासून किती अंतरावर असावा, याचे नियम ठरलेले. मीकला हे नियम मानवेनात. १९५६ मध्ये हम्फ्री लिटलटन या जॅझ वादकाची एक रेकॉर्ड त्याच्या हाताखालून गेली. त्याने पियानोचा आवाज असा दाबून, ठासून टेपवर घेतला की मूळचा पियानो ओळखू येईना. वादक महाशय नाराज झाले म्हणतात. पण रेकॉर्ड लोकप्रियांच्या पहिल्या विसांत जाऊन बसली!

हे आवाज दाबणे म्हणजे काय, ते मला अण्णांमुळे चटकन समजले. कीर्तनकार बुवा मध्येच कुजबुजतात आणि मध्येच गर्जना करतात. तेव्हा अण्णांचा हात सारखा बटणावर असतो. कुजबुज वाढवायची, गर्जना कमी करायची. हेच काम आपोआप करणारे यंत्र असते. मीकने ते इतक्या जोराने वापरले की सारा आवाज एकसारखा अंगावर येऊ लागला. तो माईक वाद्याच्या अगदी तोंडाशी नेई. गिटारची तार तर माईकशिवाय सरळ यंत्रातच खुपसून देई. आज या गोष्टी कोणीही करतो. त्या वेळी तो अडाणीपणा समजला जाई.

मोठ्या स्टुडिओंत त्याचे कुणाशी पटले नाही. स्वभाव तापट, संशयी. आपली युक्ती कोणी चोरील या भीतीने तो आपली यंत्रे खोक्यात बंद करून ठेवी. लॅन्सडाउन हा नामांकित स्टुडिओ १९५९ मध्ये त्याने सोडला. त्याच सुमारास त्याने एक विलक्षण उद्योग केला. चंद्रावरची वस्ती कशी असेल, तिथले ध्वनी कसे असतील, याची कल्पना करून एक अख्खी ध्वनिमालिका रचली. त्यासाठी पाण्यात नळी घालून बुडबुडे काढले, दुधाच्या अर्धवट भरलेल्या बाटल्यांवर चमचे वाजवले, रक्षापात्राच्या काठावरून कंगवा ओढला, विजेच्या तारा मुद्दाम एकमेकींना चिकटवून तडतड घेतली. १९६० मध्ये तिचा लहानसा भाग तेवढा बाहेर आला. संपूर्ण मालिका बाहेर यायला १९९१ साल उजाडले.

१९६० मध्येच त्याने ट्रायम्फ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढण्यात भाग घेतला. एक गाणे चालले, अगदी सातव्या क्रमांकापर्यंत गेले, पण मागणी येईल तेवढ्या तबकड्या छापायला या छोट्या कंपनीला जमेना. म्हणजे माल खपतो आहे आणि दुकानात माल नाही! मीकने यातून जो धडा घेतला तो मला फार व्यवहारी वाटतो. छापणे आणि विकणे बड्यांनाच करू द्यावे. आपण आपल्या घरी, आपल्या मर्जीने गाणे तयार करावे आणि तयार टेप त्यांना द्यावी. इंग्लंडात अशी रीत रुळवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याची गणना होते. खेळण्यांच्या व्यापारातले मेजर बँक्स नावाचे गृहस्थ भांडवल घालायला तयार झाले आणि आता आपण खऱ्या जागी येऊन पोचलो.

३०४, होलोवे रोड, उत्तर लंडन. खाली चामड्याच्या वस्तूंचे दुकान, शेंटन नावाच्या जोडप्याचे. वर जिना चढून गेले की तीन मजल्यांवर मीकचे बिऱ्हाड. समोर रहदारीचा मोठा रस्ता. दिवसभर ट्रक आणि बसगाड्यांचा खडखडाट. ध्वनिमुद्रणाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पण त्याने तिथेच संसार मांडला. रस्त्याकडची खोली म्हणजे स्टुडिओ. शेजारची लहान खोली म्हणजे यंत्रांची. तिथे दोन पट्ट्यांवर मुद्रण करणारे लायरेक कंपनीचे एक यंत्र, ईएमआयचे दुसरे, आणि बाकी बरेचसे हाताने जुळवलेले. जमिनीवर टेपांचे तुकडे आणि वायरींचा सडा. प्रतिध्वनीसाठी त्याने एका मोडक्या हीटरमधली स्प्रिंग काढून खोक्यात बसवली होती. एका टोकाने आवाज आत सोडायचा; स्प्रिंग थरथरते आणि दुसऱ्या टोकाला आवाज लांबत लांबत बाहेर येतो. मंगलाष्टके चालू असताना भटजी ज्याला ‘एको वाढवा’ म्हणून खूण करतात, तोच हा एको; त्याने भंगारातून काढलेला.

आणि खोल्या अपुऱ्या पडल्या की घरच वाद्य होई. गायक न्हाणीघरात, कारण तिथल्या फरशीवरून आवाज घुमून येतो. व्हायोलिनवाले जिन्यावर. १९६४ मध्ये हनीकोम्ब्ज या मंडळींचे गाणे करताना ढोलाचा आवाज त्याला पुरेसा भरदार वाटेना. त्याने सगळ्यांना लाकडी जिन्यावर उभे केले आणि तालात पाय आपटायला लावले. माईक बांधले होते जिन्याच्या कठड्याला, सायकलवाले पँटच्या पायाला लावतात त्या चिमट्यांनी! ते गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. खाली दुकानात शेंटनबाईंच्या डोक्यावर काय कोसळत असेल, याची कल्पना करावी. त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकीत आणि मीक चिडून स्पीकर आणखी मोठा करी, असे सांगतात.

दोनच यंत्रांवर इतके थर कसे चढत, हे मला प्रथम कळेना. टेप म्हणजे तपकिरी लोहभुकटीचा लेप दिलेली पट्टी. ती तीन हेडांसमोरून जाते. पहिले पुसते, दुसरे लिहिते, तिसरे वाचते. मीक आधी वाद्ये एका यंत्रावर घेई. मग ती टेप वाजवत ठेवून गायकाला गायला लावी आणि दोन्ही आवाज एकत्र दुसऱ्या यंत्रावर घेई. मग ती दुसरी टेप वाजवत ठेवून तिसरा थर. दर वेळी खालच्या थराची सूं वाढते आणि त्याची धार बोथट होते. शिवाय एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला पुढच्या तीन पायऱ्यांचा अंदाज मनात हवा. त्यातही तो टेपचा वेग बदलीत असे. संथ वेगाने घेतलेले जलद वाजवले की स्वर चढतो आणि आवाजात एक अमानवी लकाकी येते.

मी आणि माझ्या चुलतभावाने माळ्यावर हे करून पाहिले. हलगी न्हाणीत वाजवली, तिच्यावर टाळ, त्याच्यावर पुन्हा हलगी. तिसऱ्या थराला हलगी कुठे गेली ते कळेना. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखे काही तरी ऐकू येत होते. अण्णा ऐकून एवढेच म्हणाले, की आधी हेड स्पिरिटने पुसून घे. पुसल्यावर बराच फरक पडला.

या माणसाला स्वरलिपी वाचता येत नव्हती. कोणतेही वाद्य धड वाजवता येत नव्हते. गातानाही तो सुरात गात नसे. चाल सुचली की तो दुसऱ्याच एखाद्या गाण्याची रेकॉर्ड लावून तिच्यावर आपली चाल गुणगुणत टेप करी, आणि वादक मंडळी त्या भेसूर गुणगुणण्यातून तो काय म्हणतो आहे ते हुडकून काढीत. १९६१ मध्ये जॉन लेटनने गायलेले, मृत प्रेयसीच्या हाकेचे गाणे पहिल्या क्रमांकावर आले. ते जेफ गॉडर्ड या त्याच्या साथीदाराने लिहिले होते. आणि मग १९६२.

१० जुलै १९६२ रोजी अमेरिकेने टेलस्टार हा उपग्रह सोडला आणि त्याच्याद्वारे अटलांटिक महासागरापलीकडची चित्रे दूरदर्शन संचावर थेट दिसली. मीकने ती पाहिली. आकाशाचे वेड त्याला आधीपासून होतेच. त्याने चाल गुणगुणून टेपवर घेतली. त्याचा ‘टॉर्नेडोज’ हा वाद्यवृंद तेव्हा ग्रेट यारमथ या समुद्रकाठच्या गावी बिली फ्युरी या गायकाला साथ करीत होता. ते घाईने लंडनला आले, वाजवले आणि रात्रीच्या कार्यक्रमासाठी परत पळाले. वरची मुख्य सुरावट नंतर गॉडर्डने क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या लहानशा वाद्यावर वाजवली.

या क्लॅव्हिओलिनची आपली जुनी ओळख आहे. १९५४ च्या ‘नागीन’ चित्रपटातली ती प्रसिद्ध पुंगी आठवते? हेमंतकुमारांच्या संगीतात ती कल्याणजींनी वाजवली होती, आणि ती खरी पुंगी नव्हती. ते क्लॅव्हिओलिन होते. आमच्या तालुक्यात आजही नवरदेवापुढे रुमाल तोंडात धरून नागीण झाल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. त्या सुरावटीने आमचा टेम्पो किती वेळा थांबला असेल! पुंगी आणि उपग्रह दोन्ही एकाच जातीच्या वाद्यातून निघाले, हे कळल्यावर मी अण्णांना ‘टेलस्टार’ ऐकवले. त्यांना ते आवडले. मात्र वरातीला चालणार नाही असे त्यांचे मत पडले.

‘टेलस्टार’ इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. डिसेंबर १९६२ मध्ये ते अमेरिकेतही पहिले आले. हे यश मिळवणारा तो पहिला ब्रिटिश वाद्यवृंद. बीटल्स त्यानंतर सुमारे तेरा महिन्यांनी तिथे पोचले. लाखो प्रती खपल्या. आता एवढे झाल्यावर मीक श्रीमंत झाला असे कोणालाही वाटेल. पण ज्याँ लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने दावा लावला, की ही चाल आपल्या १९६० च्या चित्रपटातल्या संगीतावरून घेतली आहे. दावा लागताच मानधन गोठले. चारचौघे शिट्टीवर जे वाजवीत होते, त्याच्या कर्त्याला त्यातले पैसे हाती लागेनात.

इथून पुढचे लिहिताना माझा हात अडखळतो. हा भाग गाळावा, असे मला एका मित्राने सुचवले होते. पण गाळला तर चरित्र राहत नाही, जाहिरात होते.

मीकचा ओढा पुरुषांकडे होता आणि त्या वेळी इंग्लंडात तो गुन्हा होता. १९६३ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याखाली त्याला पकडले, दंड झाला आणि बातमी वर्तमानपत्रात छापून आली. त्यानंतर धमक्या देऊन पैसे उकळणारे मागे लागले. तिथला कायदा जुलै १९६७ मध्ये सैल झाला. मीक त्याआधी सहा महिने गेला. आपल्याकडे इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरते, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. तेव्हा मी सातवीत होतो आणि वर्गात त्यावरून एका मुलाची जी थट्टा चाले, तीत मीही हसत होतो.

१९६४ नंतर त्याच्या गाण्यांचा भर ओसरला. बीटल्सच्या लाटेने चव बदलली होती. पैसा गोठलेला, भाडे आणि देणी थकलेली, मनावर औदासीन्याचा विकार, त्यावर गोळ्या. भिंतीच्या कागदामागे बड्या कंपन्यांनी चोरून माईक बसवले आहेत असे त्याला वाटू लागले. मृतात्म्यांशी बोलण्याचा नाद होताच. दफनभूमीत टेपरेकॉर्डर लावून तो आवाज पकडू पाही. १९५९ मध्ये विमान अपघातात गेलेला अमेरिकन गायक बडी हॉली आपल्याशी बोलतो अशी त्याची समजूत होती.

३ फेब्रुवारी १९६७. हॉलीच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर आठ वर्षे झाली होती. सकाळी घरमालकीण व्हायोलेट शेंटन वर आल्या. बोलाचाली झाली. मीकने बंदुकीने त्यांच्यावर गोळी झाडली आणि नंतर स्वतःचाही अंत केला. ज्या जिन्यावर पाय आपटून ते गाणे तयार झाले होते, त्याच घरातल्या जिन्यावर बाई कोसळल्या. मीक तेव्हा ३७ वर्षांचा होता.

त्याच्यावर जे लिहिलेले वाचायला मिळते, त्यात शेंटनबाई बहुधा एका वाक्यात येतात आणि जातात. मलाही त्यांच्याविषयी यापेक्षा अधिक लिहिता येत नाही. त्यांनी काही वर्षे तो सगळा दणदणाट सोसला, एवढे मात्र खरे. मीकच्या हाताचे कौतुक मला वाटते आणि त्याच हाताने हे केले. या दोन गोष्टी मला एका वाक्यात बसवता आल्या नाहीत, म्हणून दोन वाक्यांत लिहितो.

‘टेलस्टार’चा निकाल अवघ्या काही आठवड्यांनी लागला. मीकच्या बाजूने.

देणी भागवण्यासाठी त्याच्या घरातले सामान विकले गेले. टेपा होत्या अठराशेंहून अधिक, चहाच्या ६७ खोक्यांत भरलेल्या. क्लिफ कूपर नावाच्या तरुण वादकाने त्या तीनशे पौंडांना घेतल्या. पुढची काही दशके त्या तशाच पडून होत्या. २०२० मध्ये चेरी रेड या कंपनीने त्या विकत घेतल्या आणि त्या एकेक करून ऐकून, संगणकावर उतरवून, आता त्यांतली गाणी बाहेर येऊ लागली आहेत. टेपचा लेप झडायच्या आत हे झाले.

मला या ६७ खोक्यांचा हेवा वाटतो, त्याचे कारण सांगतो. अण्णांनी मी जन्मण्याआधी आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेतल्या होत्या. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन खुंट्या असतात. त्या मोडल्या की लाल बटण दाबले जात नाही आणि आतले पुसण्याचे भय राहत नाही. अण्णांनी त्या आठवणीने मोडल्या होत्या. मी नऊ वर्षांचा होतो. खुंटीच्या जागी कागदाचा बोळा दाबून बसवला की बटण पुन्हा चालते, हे मला एका मुलाने शिकवले होते आणि त्या ज्ञानाचा मला मोठा अभिमान होता. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर मी क्रिकेटचे धावते समालोचन केले. आजी तेव्हा होती. ती हसली; मी पुन्हा म्हणेन की, असे तिने सांगितले. मग ते राहून गेले, आणि चार वर्षांपूर्वी ती गेली.

पहिली बाजू सुखरूप आहे. दुसरी सुरू होते तेव्हा आजी अर्धी ओवी म्हणते, जाते घरघरते, मग खट्ट असा आवाज येतो आणि माझ्या बालआवाजात कोणीतरी षटकार मारतो. दिवाळीच्या सुट्टीत अण्णा आणि मी दोन्ही डेक जोडून पहिल्या बाजूची नक्कल काढली. हेड आधी पुसले. सूं आहे, पण ओव्या स्पष्ट आहेत. नव्या कॅसेटच्या खुंट्या अण्णांनी माझ्याकडूनच मोडून घेतल्या.